एकटे या, होडी पाठवतो

कोयनेच्या फुगवट्यावर, बामणोलीपलीकडे
१९ ऑगस्ट

अण्णा,

नमस्कार लिहिलाय. घ्यायचा तर घ्या.

तुमची ब्राह्मी माझ्याकडे आहे. परवा दुपारपासून. सुखरूप आहे, जेवली आहे, आत्ता पडवीत बसून पाण्याकडे बघते आहे. पोलीस, नातेवाईक, मंदिराची कमिटी, कुणालाही हलवायची गरज नाही. सख्ख्या भावाचा नंबर तुम्ही ब्लॉक केलाय आणि इथं तशीही रेंज नाही, म्हणून कागद. अर्जुना होडीवाला उद्या बामणोलीला जाईल, तो कुरियरला देईल.

पहिलं सांगतो, मी तिला आणलेलं नाही. रविवारी सुट्ट्यांची गर्दी होती. बामणोलीच्या धक्क्यावर पुण्या-मुंबईची माणसं लाईफ जाकिटं घालून फोटो काढत उभी. त्या गर्दीत ही एकटी होडीवाल्यांना माझी खोली विचारत फिरत होती आणि कुणी सांगत नव्हतं. सांगायचं नाही असं मीच त्यांना बजावून ठेवलंय. शेवटी अर्जुनानं तिला निरखून बघितलं आणि म्हणाला, "नाक मालकांचंच हाय. बसा." इथं होडी लावताना मला म्हणाला, "तुमचं नाक घिऊन आलोय, मालक. उतरून घ्या."

ती पाया पडली. म्हणाली, "काका, कुणी काही विचारणार नाही अशी जागा तुमच्याकडे आहे म्हणे."

"आहे," म्हटलं. "तेवढंच आहे."

तुम्ही ही जागा बघितलेली नाही. पाहुण्यांना भाड्यानं द्यायची एक खोली, वर पत्रा, पुढं दगडी पडवी, बारा पायऱ्या उतरलं की पाणी. रस्ता नाही, यायचं तर होडीनंच. पाटी नाही, इंटरनेटवर नाव नाही. तापोळ्याकडं स्पीड बोटी किंचाळत फिरतात, तो आवाज डोंगराआड राहतो. माझे नियम तीन: स्पीकर लावायचा नाही, मासे-मटण शिजवायचं नाही, दिवस मावळायच्या आत जेवायचं. मी धर्म सोडला असं तुम्ही चारचौघांत म्हणता. परक्या माणसांना दिवसाउजेडी जेवायला लावणारी दुसरी एक जागा या पाण्यावर दाखवा.

दसऱ्याला तिची दीक्षा ठरलीय, घर सोडून ती साध्वी होणार, हे मला माहीत आहे. पर्युषण संपलं की पाच गावांत ओटी भरायचे कार्यक्रम, मिरवणुका, सांगलीत मांडव, हेही माहीत आहे. पत्रिका वैनींनी गुपचूप पाठवली होती. चैत्रात दीक्षा देणाऱ्या माताजींनी स्टेजवरून विचारलं, "घरच्या सगळ्यांची संमती आहे का?" सगळे हात वर झाले आणि मी उठून म्हणालो, "माझी नाही." तेव्हापासून तुम्ही माझं तोंड बघितलेलं नाही. चालेल. आजही तेच म्हणेन.

मी तिला जा म्हणणार नाही, थांब म्हणणार नाही. तिला न्यायला कुणी येऊ नये.

गोमटेश


२७ ऑगस्ट

अण्णा,

पत्र पोचलं. चारच ओळी, पण अक्षर अजून तसंच सुंदर. "पोरीला माघारी पाठव. तुला धर्मातलं काय कळतं?"

धर्मातलं काही कळत नाही. आवाजातलं कळतं. तुम्ही वडलांच्या कापडदुकानात गादीवर बसलात तेव्हा मी माधवनगरला यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरत होतो. सतरा वर्षांचा. पुढं माग दुरुस्त करणारा जॉबर झालो, पुढं विट्याला माझे स्वतःचे चोवीस माग झाले. मी कानात कापूस घालून काम करायचो म्हणून बाकीचे हसायचे. ते सगळे आज बहिरे आहेत. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं तरी माग लगेच थांबत नाही, धागा नसतानाही धडधडत राहतो. नवख्याला फरक कळत नाही. मला शेडच्या दारातनं कळायचा, कुठल्या रांगेतला कितवा ते.

ब्राह्मी त्या दिवशी माइकवर म्हणाली, "माझी स्वतःची इच्छा आहे." तो आवाज माझ्या ओळखीचा होता. सहा-सात वर्षांची असताना तुम्ही जेवणावरून वैनींवर चिडलात की ती ताट सारून म्हणायची, "मला भूकच नाही." तोच आवाज, अण्णा. तिच्या शेजारी बसून तुम्हाला तो ऐकू आला नाही. मी पाचव्या रांगेत होतो.

आणि माझा कान चुकला नव्हता. परवा भांडी विसळताना तिनं आपणहून सांगितलं. मिरजेला तुमच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, त्याच्या आदल्या दिवशी माताजी आशीर्वाद द्यायला आल्या. तुम्ही खाटेवरनं हात जोडलेत आणि म्हणालात, "यातनं उठलो तर घरातलं एक मूल संघाला देईन." माताजी म्हणाल्या, "मूल देता येत नाही. यायचं तर ते आपल्या पायानं येतं." ब्राह्मी तुमच्या उशाशी गोळ्यांची पाकिटं लावत बसली होती. तुम्ही उठलात. पंधरा दिवसांनी तीच म्हणाली, मला दीक्षा घ्यायची आहे. तुम्ही आनंदानं रडलात, आणि ती आपल्या पायानं निघाली असं सगळ्यांनी धरलं. पाय तिचे होते, रेटा तुमचा होता. माताजींना माझा बोल नाही. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं, ऐकायला तुम्ही शुद्धीवर होता.

इकडची गंमत सांगतो. शनिवारी पुण्याचे चौघं भलत्याच होडीनं येऊन पायऱ्यांवर उतरले. हातात हे एवढं गाण्याचं खोकं.

"काका, इथं फुल प्रायव्हसी आहे ना?"

"आहे. हे खोकं यायच्या आधी होती."

"आम्ही डबल देतो."

मी काही म्हणायच्या आत ब्राह्मी आतनं म्हणाली, "खोलीत मी आहे. आणि महिनाभर आहे."

गेले. महिनाभर हा शब्द कानाला गोड लागला, खोटं कशाला बोलू. मी पडवीत झोपतो, माझं काही अडत नाही. वरच्या अंगाला दुसऱ्या खोलीची जागा आखून ठेवलीय, तीही तिला दाखवली. सहज. बी. फार्म झालेली हुशार पोरगी आहे, पाहुण्यांचं तिच्याइतकं नीट कोण बघेल? असं मी आपलं म्हणालो. ती नुसती हसली.

उद्यापासून पर्युषण. ती एकवेळ जेवणार आहे. मीही करीन म्हणतो.

गोमटेश


३ सप्टेंबर

अण्णा,

आज तुम्ही आलात. दोन गाड्या, सहा माणसं. पलीकडच्या काठावर, जिथं रस्ता संपतो तिथं, पावणेदोन तास उभे होता. अर्जुनाची होडी तुमच्यासमोर बांधलेली होती आणि त्यानं तुम्हाला सांगितलं, "इंजान बिघाडलंय." बिघडलेलं नव्हतं. मी सांगितलं होतं तसं सांगायला. त्याला बोल लावू नका.

तुम्हाला वाटलं मधे एवढं पाणी, इकडं काय कळणार. पाऊस थांबलेला, वारा पडलेला. अशा वेळी पाणी आवाज उचलून आणून देतं. कमिटीच्या आप्पासोंनी नाक शिंकरलं तेसुद्धा पडवीत ऐकू आलं. पुढचंही.

"आवं अजितकुमार, पोलिसात द्या. पुतणी पळवली म्हणून द्या. दोन तासांत होडी येतीया का न्हाई बघा." हे आप्पासो.

"पत्रिका गेल्यात सगळीकडं. पाव्हण्यांना काय सांगायचं?" हा आवाज मला ओळखू आला नाही. घसा बसलेला होता.

मग तुम्ही. "ताप आलाय म्हणून सांगू. टायफॉइड. पोलीस नको. बरी झाली की कार्यक्रम होईल म्हणू."

अण्णा, रंग जाणारं कापड असेल तर तुम्ही गिऱ्हाईकाला आधी सांगता, रंग जाईल, बघून घ्या. त्या पायी दुकान चाललं नाही तरी चालेल म्हणायचात. तुमच्या तोंडून खोटं मी आज पहिल्यांदा ऐकलं. पर्युषणाच्या दहा दिवसांतला सत्याचा दिवस होऊन दोन दिवस झाले नाहीत. मुलगी नको म्हणत असेल हे चारचौघांत बोलण्यापेक्षा तिला आजारी पाडणं सोपं गेलं तुम्हाला.

ती मागं झऱ्यावर कपडे धूत होती. तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. मी सांगितलं.

"पप्पा म्हणाले? असं?"

"माझ्या कानांनी ऐकलं."

ती एकच ओढणी तीनतीनदा झटकत राहिली.

गाड्या घेऊन परत आलात तर इंजिन परत बिघडेल. सहा माणसं आणा, साठ आणा, इंजिनाला आकडा कळत नाही.

गोमटेश


८ सप्टेंबर, क्षमावाणी

अण्णा,

दरवर्षी आजच्या दिवशी मी शंभरेक कार्डं पाठवतो. सुताच्या दलालापासून वायरमनपर्यंत सगळ्यांना, कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी, छापील. तुम्हाला यंदा छापील पाठवत नाही. कळत काय आणि नकळत काय, ते नीट लिहितो.

स्टेजवर नाही म्हणालो, त्याची क्षमा मागत नाही. होडी सोडू दिली नाही, त्याचीही नाही. तुम्ही पावणेदोन तास उभे राहिलात, पाय सुजले असतील, त्याबद्दल वैनींची मागतो, तुमची नाही.

पण एक आहे. तीन तारखेचं मी तुम्हाला अर्धंच लिहिलं, आणि पोरीला अर्धंच सांगितलं. कळत.

आप्पासो आणि मंडळी चहाच्या टपरीकडं गेल्यावर तुम्ही एकटे खाली पाण्याशी आलात. अर्जुना होडीतलं पाणी डब्यानं उपसत होता. तुम्ही त्याला विचारलं, "जेवती का रं पोरगी?"

"जेवती की. येकडावच, दिस हाय तवर."

"झोप लागती का?"

"त्ये आमाला कसं कळंल? पर सकाळची लय लवकर उठून पायरीवर बसती."

मग तुम्ही दगडावर टेकलात. मला वाटलं आता माझ्या नावानं शिव्या. तुम्ही त्या परक्या माणसाला म्हणालात, "मी शब्द देऊन बसलो. तिनं न्हाई म्हटलं असतं तर मी माताजींचे पाय धरले असते, तिचे न्हाई. पण ती व्हय म्हणाली. मग मला थांबवायला कुणी उरलंच न्हाई."

अर्जुनानं डबा खाली ठेवला आणि म्हणाला, "मंग आता थांबा की."

अण्णा, ही चार वाक्यं मी स्पष्ट ऐकली, शब्दन् शब्द. आणि गिळली. ती ऐकली असती तर ब्राह्मी त्याच क्षणी हाक मारून होडी मागवती आणि तुमच्यासोबत गाडीत बसती, हे मला ठाऊक होतं. म्हणून टायफॉइड तेवढा सांगितला. थांब म्हणणार नाही असं मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तोंडानं म्हणालो नाही. दुसऱ्या खोलीची जागा दाखवणं, तिच्या आवडीचं थालिपीठ लावणं, साताऱ्यात एक चांगला मुलगा आहे असं आपलं बोलता बोलता सांगणं, हे सगळं चाललेलंच होतं. मला मूलबाळ नाही, हे काही मी तुम्हाला नव्यानं सांगायला नको.

काल अर्जुनानं तिला सगळं सांगून टाकलं. त्याला वाटलं मी सांगितलंच असेल. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही.

"काका, तुम्हाला ऐकू गेलं होतं ना?"

"गेलं होतं."

"मग तुमच्यात आणि पप्पांच्यात काय फरक? ते मला देऊन टाकत होते, तुम्ही ठेवून घेत होता."

 आयुष्यभर भाव करत आलो, पण या हिशेबात ती माझ्या पुढं होती. मग ती म्हणाली, "पप्पांना बोलवा. त्यांना एकट्यांना. मी सांगेन काय ते."

तर या. गुरुवारी या. यष्टीनं या, गाडी नको, कमिटी नको. काठावर तुमच्या मागं दुसरा एकही माणूस दिसला तर होडी सुटणार नाही, हे मात्र मी अजून म्हणतो. एकटे या, होडी पाठवतो.

आणि त्या अर्ध्या गोष्टीपुरती, तेवढ्यापुरतीच, क्षमा असावी.

गोमटेश


१८ सप्टेंबर

अण्णा,

बामणोलीला गेलो होतो, तिथनं वैनींना फोन लागला. त्यांनी रविवारचं सगळं सांगितलं. ते ऐकून मी धक्क्यावरच बाकावर बसलो. एका बाईनं विचारलं, बोट लागते का हो तुम्हाला?

तुम्ही गेल्या गुरुवारी आलात तेव्हा आपण दोघं धड बोललो नाही. तुमची छत्री उलटी झालेली, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. मी टॉवेल पुढं केला, तुम्ही माझ्याकडं न बघता घेतलात. ब्राह्मीनं मला अर्जुनाबरोबर पलीकडं धाडलं. "काका, तुमचे कान इथं नकोत," म्हणाली. मी तीन तास पलीकडच्या दगडावर बसलो, जिथं तुम्ही बसला होता त्याच. वारा उलटा होता. खरं सांगतो, एक शब्द ऐकू आला नाही. ऐकायचा प्रयत्न केला नाही असं म्हणत नाही.

परत आलो तेव्हा तुमचे डोळे लाल होते आणि तिनं तीन पानं मांडली होती. दिवस मावळायला अर्धा तास. पहिला घास घ्यायच्या आधी तिनं आपल्याला थांबवलं.

"दोघांनी हात जोडा. मी नेम देणार आहे."

मी म्हटलं, "नेम माताजी देतात. तू कोण गं?"

"मी जिच्यासाठी दोघं भांडताय ती," म्हणाली. "पप्पा, दसऱ्याचं रद्द. दीक्षा मला कधीच नको असं मी म्हणत नाही. तुमच्या ऑपरेशनची नको. कधी वाटलं तर मीच बोलेन. तोवर तुम्ही हा विषय काढायचा नाही. काका, तुम्ही लग्न, स्थळ, दुसरी खोली, यातलं काही काढायचं नाही."

"किती दिवसांचा नेम?" तुम्ही विचारलंत.

"मी बोलेपर्यंतचा."

"दुसऱ्या खोलीचं नुसतं एकदाच," मी म्हणालो.

"काका."

चोवीस वर्षांच्या पोरीपुढं साठीला टेकलेली दोन माणसं पानावर हात जोडून बसली. मी आयुष्यात कधी नेम घेतला नव्हता. मुनींनी विचारलं की मी चपला शोधायला बाहेर जायचो. हा घेतला. तुमच्याकडं चोरून बघत घेतला, तुम्ही घेताय का नाही ते.

सोमवारी ती साताऱ्याला गेली. एका दवाखान्याच्या औषधदुकानात कामाला लागली आहे, मैत्रिणीसोबत राहते. मी पोचवायला येऊ का विचारलं नाही. नेमात बसतं का नाही ते कळेना.

आता वैनींनी सांगितलं ते. रविवारी सकाळी मंदिरात अभिषेक झाल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "माझ्या मुलीला ताप नव्हता. मी खोटं बोललो. ती नको म्हणाली."

आप्पासो म्हणाले, "आवं पण कार्यक्रम ठरलाय, त्याचं काय?"

तुम्ही म्हणालात, "कार्यक्रम माझा होता. तिचा नव्हता." आणि चपला घालून घरी आलात. वैनी म्हणाल्या, दुपारी गाढ झोपलात, ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

तेव्हा अण्णा, तुमचा माझ्यावरचा राग तुम्ही ठेवा, माझा मी ठेवतो. त्याला काही घाई नाही. चैत्रातल्या माझ्या 'नाही'बद्दल मी अजूनही काही मागत नाही आणि तुम्ही द्यायलाही येऊ नका.

पण दुसरी बातमीही वैनींनीच दिली. आप्पासो गप्प बसणारे नाहीत. येत्या रविवारी कमिटीची मंडळी गाडी करून साताऱ्याला, पोरीच्या खोलीवर जाणार आहेत. तिला चार शब्द समजावून सांगायला. तुम्हाला कळवलेलं नाही.

मी शनिवारीच साताऱ्यात येऊन राहतो. तुम्ही रविवारी सांगलीहून पहाटेची यष्टी धरा, स्टँडवर भेटू. तिच्या दाराबाहेर जिना आहे म्हणे, वरच्या दोन पायऱ्यांपैकी एकीवर तुम्ही बसा, एकीवर मी. आपण एक अक्षर बोलायचं नाही, ना त्यांच्याशी, ना तिच्याशी. नेम न बोलण्याचा आहे. वाट अडवून बसायचं नाही असं तिनं सांगितलेलं मला आठवत नाही.

गोमटेश